‘ब्लॅक सॅबथ’ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचं गिटार आज पुन्हा ऐकायचं तर कुठून सुरुवात करावी?

‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७० मधल्या पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीतापासून. त्याच्या रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीत, तीनच स्वर आहेत: जी, त्याच्या वरच्या सप्तकातला जी आणि मग सी शार्प. म्हणजे सा, तार सा आणि तीव्र मध्यम. या तिसऱ्या स्वरावर तो थांबतो आणि बोटाने तो थरथरवत ठेवतो. सगळी धास्ती त्या थरथरीत आहे, वेगाचा काही संबंध नाही.

त्याचा जड आवाज तारा सैल करण्यातून आला, असं सर्रास सांगितलं जातं. पण पहिले दोन अल्बम नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये आहेत. तारा दीड स्वर खाली उतरल्या त्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त. पहिला अल्बम आणि हा लागोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं आणि हलक्या तारा चढवल्या. या काळात जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या रेकॉर्डने त्याला उभारी दिली. भाजलेल्या हाताची दोनच बोटं वापरून जँगो सोलो वाजवायचा.

म्हणून ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’ या गाण्याच्या शेवटचा सोलो चुकवू नका. डिस्टॉर्शनशिवाय, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत न करता, निवांत, सरळसरळ जॅझ. मला तो त्याच्या गाजलेल्या रिफ्सइतकाच मोलाचा वाटतो.