बॅच फाइलने फोटोंची नावं बदलताना काही फायलींना 'सहल_' दोनदा का लागतं, आणि ००८ ला एरर का येते?

तुम्ही बॅच फाइलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड एकामागून एक चालवणाऱ्या फाइलमध्ये, जुन्या नावातला तीन आकडी क्रमांक घेताय, त्यात एक मिळवताय आणि नावाच्या सुरुवातीला 'सहल_' लावताय. यात दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

दोनदा 'सहल_' लागण्याचं कारण साध्या 'फॉर' लूपमध्ये, म्हणजे एकच काम प्रत्येक फाइलवर करणाऱ्या कमांडमध्ये आहे. तो फायलींची यादी आधी पूर्ण करून घेत नाही, फोल्डर वाचत वाचतच काम करतो. फाइलचं नाव बदललं की ती वर्णक्रमाने नव्या जागी जाते. ती जागा पुढे असली तर लूपला ती वेगळीच फाइल वाटते आणि तिला पुन्हा 'सहल_' लागतं. म्हणूनच चार-पाच फायलींवर करून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं आणि मोठ्या फोल्डरवर घोळ होतो. उपाय सोपा आहे: 'फॉर'ला 'स्लॅश एफ' जोडा आणि कंसात नुसतं 'स्टार डॉट जेपीजी' न देता, एकेरी अवतरणचिन्हांत 'डिर स्लॅश बी स्टार डॉट जेपीजी' द्या. मग आधी अख्खी यादी तयार होते, नंतरच नावं बदलायला सुरुवात होते. 'डेलिम्स' म्हणजे ओळ कुठे तोडायची ते सांगणारा पर्याय, तो बरोबर-चिन्हापुढे रिकामा सोडा, नाहीतर नावात स्पेस असली की पहिल्या शब्दावरच नाव तुटेल.

आता ००८. 'सेट स्लॅश ए' ही आकडेमोड करणारी कमांड शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल धरते, म्हणजे आठच्या पायावरचा. त्यात ८ आणि ९ हे अंकच नसतात, म्हणून ००८ आणि ००९ वर ती अडते. मला जास्त काळजी ०१० ची वाटते. तिथे एरर येतच नाही. कमांड ०१० ला गुपचूप ८ समजते आणि एक मिळवून ९ देते. तुमचे दहाच्या पुढचे क्रमांक आत्ताच तपासा. यावर उपाय म्हणजे बेरजेआधी क्रमांकाला डावीकडून १ चिकटवायचा. ००८ चे १००८ होतात, एक मिळवला की १००९, त्यातले शेवटचे तीन अंक कापून घेतले की ००९. आधीची शून्यंही आपोआप जागेवर राहतात.

खरी फाइल चालवण्याआधी नाव बदलणाऱ्या 'रेन' कमांडच्या आधी 'एको' लिहून एकदा चालवा. कुठलंही नाव बदलत नाही, फक्त काय होणार ते पडद्यावर दिसतं. 'रेन'ला अन्डू नाही, म्हणून मी त्याच लूपमध्ये प्रत्येक फाइलसाठी उलटी कमांड, नवं नाव आधी आणि जुनं नंतर, दुसऱ्या एका बॅच फाइलमध्ये लिहून ठेवतो. गडबड झालीच तर ती चालवायची. 'रेन'च्या जागी फाइल हलवणारी 'मूव्ह' मात्र वापरू नका. त्या नावाची फाइल आधीच असेल तर 'रेन' नकार देते, पण बॅच फाइलमधून चालवलेली 'मूव्ह' न विचारता जुन्या फाइलवर लिहिते, आणि फोटो कायमचा जातो.

नावांत उद्गारचिन्ह असेल तर डिलेड एक्स्पान्शन, म्हणजे लूपमध्ये बदलणारी किंमत वाचण्यासाठी चालू केलेली सोय, ते गाळून टाकतं आणि फाइल सापडत नाही. असे फोटो बरेच असतील तर सरळ पॉवरशेलचं, म्हणजे विंडोजच्या दुसऱ्या कमांड-साधनाचं, 'रिनेम-आयटम' घ्या, त्यात चाचणीसाठी 'व्हॉट-इफ'ची सोय आहेच.

'सहल_' देवनागरीत आहे, त्यामुळे बॅच फाइल नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करा, 'विथ बॉम'वालं (फाइलच्या सुरुवातीला खुणेचे जादा बाइट टाकणारं) नको, आणि वरच्या ओळींत 'सीएचसीपी ६५००१' टाका, म्हणजे मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचला जाईल.