नोकरी सांभाळून फ्लाइट सिम्युलेटरमधल्या 80 विमानांना वेळ कसा द्यायचा? न उडवलेली विमानं बघून वाईट वाटतं.

सगळ्यांना वेळ द्यायचाच नाही. माझ्याकडे 63 आहेत आणि हे मी फटका खाऊन शिकलोय, म्हणून लिहितो.

आम्ही सोलापूरचे चौघे रविवारी रात्री व्हॅटसिमवर एकत्र उडायचो. हे सिम्युलेटरवाल्यांचं ऑनलाइन नेटवर्क, तिथं कंट्रोलरही खरी माणसं असतात. त्या रात्री हैदराबाद–मुंबई होतं. मी चार महिन्यांनी एअरबसचं ए320 काढलं. मधल्या काळात बोइंग 737, सेस्ना, डीसी-6, सेलमध्ये घेतलेली आणखी काय काय, असं रोज एक चालू होतं. मुंबईच्या अलीकडे खाली यायची परवानगी मिळाली. मी उंचीचा नॉब फिरवला आणि चार्ट बघत बसलो. एअरबसमध्ये नॉब नुसता फिरवून भागत नाही. तो आत ढकलावा किंवा बाहेर ओढावा लागतो, तेव्हा विमान उतरायला लागतं. माझ्या हाताला 737 च्या बटणांची सवय. लक्षात आलं तेव्हा उंचीही जास्त, वेगही जास्त. दोनदा गो-अराउंड झालं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावं लागलं. कंट्रोलर बिचारा शांतपणे वळवत होता, मागं विमानांची रांग. आमच्यातला एकजण वर्षानुवर्षं फक्त 737 उडवतो. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय बे, दुकान मांडलायस का विमानांचं? एक तरी नीट उतरवता येतंय का?"

तीन आठवडे मी सिम्युलेटर उघडलं नाही.

मग 9 जून 2025 ला आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याची सेवा सुरू झाली, दोन पंख्यांच्या एटीआर 72-600 ची. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली तेव्हापासून आम्ही त्याची वाट बघत होतो. मी ठरवलं, दोन महिने फक्त एटीआर, फक्त सोलापूर ते गोव्याचं मोपा विमानतळ. सरळ रेषेत साधारण 300 किलोमीटर. जेवण आटोपून सव्वादहाला बसलं की साडेअकरापर्यंत सगळं उरकतं.

एका रात्री बाबा मागं येऊन उभे राहिले. त्यांची सगळी नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर गेली. बघत होते, मग म्हणाले, "उजवा पंखा थांबलाय, मग इंजिनाचा आवाज कसला?" मी सांगितलं की एटीआरला जमिनीवर वीज आणि हवा देणारं वेगळं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, नाही. जमिनीवर असताना उजवं इंजिन चालू ठेवतात, त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात आणि वीज, हवा त्यावर घेतात. हॉटेल मोड म्हणतात त्याला. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे मोटार चालू, माग थांबलेला."

इतक्या वर्षांत या खोलीत येऊन कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. आणि खरं सांगतो, हे विमान मी वर्षभरापूर्वी घेतलं होतं, तीनदा उडवलं होतं, पण हॉटेल मोड एकदाही लावला नव्हता. थेट दोन्ही इंजिनं सुरू करून निघायचो.

दोन महिन्यांत हात बसला. एटीआरमध्ये ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही, वेग तुमच्या हातात. आंबोलीचा घाट ओलांडून मोपाकडे उतरताना पॉवर पूर्ण काढली तर पंखेच ब्रेकसारखे ओढतात, म्हणून टेकेपर्यंत थोडी ठेवावी लागते. त्यानंतर मी ए320 वर परतलो तेव्हा माझं लँडिंग आधीपेक्षा चांगलं होतं. एक विमान दुसरं शिकवतं, हे त्या मित्राला मी अजून पटवू शकलेलो नाही. एकच विमान उडवणारा बटणांचा क्रम पाठ करतो. विमान का तसं वागतं हे कळायला दुसरं विमान लागतंच. संग्रह चुकीचा नव्हता, रोज बदलणं चुकीचं होतं.

तर तुमचं उत्तर. दोन महिने एक मोठं विमान, सोबत रविवार सकाळसाठी एक छोटं, बस्स. बाकीची कॉम्प्युटरवरून काढून टाका, विकत घेतलेली कुठं जात नाहीत, पुन्हा डाउनलोड करता येतात. अपडेटचीही कटकट कमी होते, नाहीतर अर्धा रविवार त्यातच जातो. प्रत्येक विमानाची वहीत अर्ध्या पानाची नोंद ठेवा, पण ती उडवणं थांबवायच्या दिवशी लिहा, परत आल्यावर नाही. माझ्या ए320 च्या पानावर पहिली ओळ आहे : "नॉब ढकल किंवा ओढ." परत आल्यावर पहिल्या रात्री फक्त सर्किट मारा, म्हणजे उडून विमानतळाभोवती फेरी मारून तिथंच उतरा, नेटवर्कवर जाऊ नका. आणि सेलमध्ये नवीन घेणं बंद. हातातलं विमान सगळं बंद असताना सुरू करून पुन्हा तसंच पूर्ण बंद करता येईपर्यंत दुसरं घ्यायचं नाही.

हे सगळं नेटवर्कवर उडणाऱ्यांसाठी. एकटे उडत असाल आणि रोज नवीन विमानातून पंढरपूरवरून एक चक्कर मारण्यात आनंद असेल, तर खुशाल मारा, वाईट वाटून घेऊ नका. आणि खरं लायसन्स करत असाल तर शाळेत जे विमान आहे तेवढंच उडवा, माझं ऐकू नका.

माझं पुढचं विमान डीसी-6. चार इंजिनं, एकेक 18 सिलिंडरचं, प्रत्येक वेगळं सुरू करावं लागतं. त्यासाठी दिवाळीची सुट्टी ठेवलीय. बाबांना सांगून ठेवलंय, शेजारी खुर्ची टाकतो म्हणून.