लहान झाडाच्या खालच्या फांद्या: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (पर्वरी येथील वाचक): घरापुढे दोन वर्षांपूर्वी बकुळीचे रोप लावले. आज ते सात फूट उंच असून जमिनीपासून एक फुटावरच फांद्या सुरू होतात. या सगळ्या फांद्या काढल्यास झाडाचा जोर वर जाईल, असे शेजारी सांगतात. आमचा विचार मात्र असा की, झाड वाढेल तशा या फांद्याही आपोआप वर जातील. कोणाचे खरे?

उत्तर: दोघांचेही खरे नाही. आधी आपला समज पाहू, कारण तो फार घरांत आढळतो. झाडाची उंची केवळ शेंड्याकडून वाढते; एकदा तयार झालेले खोड जाड होते, पण ताणले जात नाही. त्यामुळे आज एक फुटावर असलेली फांदी वीस वर्षांनीही एक फुटावरच असेल, फक्त मांडीएवढी जाड झालेली असेल. म्हणजे ती केव्हा तरी काढावी लागणारच आहे. ती आजच काढावी का, एवढाच प्रश्न उरतो.

शेजाऱ्यांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. खालच्या फांद्या ओरबाडून टाकल्या की रोप उंच जाते खरे, पण त्याचे खोड वेताच्या काठीसारखे खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचे राहते. याचे कारण असे की, फांदीवरची पाने जे अन्न तयार करतात त्यातला बराच भाग त्या फांदीच्या खालच्या खोडाला व मुळांना मिळतो. म्हणून एक-दोन फुटांवरच्या फांद्या बुंधा जाड करण्याचे काम करीत असतात. शिवाय त्यांची सावली कोवळ्या सालीला मार्च-एप्रिलच्या पश्चिमेकडच्या उन्हापासून वाचवते. फांद्यांवाचून वाढलेले झाड पहिल्या जोरदार पावसात पानांच्या ओल्या भाराने वाकते, मग आपण त्याला काठी बांधतो, आणि काठीच्या आधाराने डुलणे थांबल्यामुळे त्याचे खोड आणखीच कमकुवत राहते.

म्हणून या फांद्यांना तात्पुरत्या फांद्या समजावे. झाडाच्या एकूण उंचीपैकी वरचा दोन तृतीयांश भाग नेहमी पानांनी भरलेला असावा, हे साधे माप लक्षात ठेवावे. सात फुटांच्या झाडात खालच्या सुमारे सव्वादोन फुटांतल्या फांद्यांनाच यंदा हात लावायचा, आणि त्याही सगळ्या मुळापासून काढायच्या नाहीत. जी फांदी खोडाच्या निम्म्याहून जाड झाली असेल ती आधी काढावी, कारण उशीर झाला तर जखम मोठी होते. बाकीच्यांचे शेंडे खुडून त्या वीतभर ठेवाव्यात. त्या जाड होणार नाहीत, पण पाने धरतील. पुढच्या वर्षी त्यांतल्या सर्वांत खालच्या काढून त्यांच्या वरच्या आखूड कराव्यात. एका वर्षात एक चतुर्थांशाहून अधिक पालवी काढू नये. बकुळ सावकाश वाढते, त्यामुळे माणूस वाकल्याविना खालून जाईल इतके मोकळे खोड मिळायला पाच-सहा वर्षे किंवा अधिकही लागतील. अंगणातल्या बकुळीला त्याहून जास्त उंच खोड मला तरी शोभत नाही. ओवळे, म्हणजे बकुळीची फुले, वेचायला सावलीत बसता आले म्हणजे पुरे.

प्रश्न (फोंडा येथील वाचक): मानकुराद आंब्याचे कोय कलम लावून दोन वर्षे झाली. जोडाच्या खालून एक जोमदार फांदी आली आहे. वर एकाच ठिकाणाहून पाच-सहा फांद्या फुटल्या आहेत. चतुर्थीच्या साफसफाईत हे सगळे उरकावे असा विचार आहे.

उत्तर: जोडाखालची फांदी मानकुरादची नाही, खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याची आहे. ती दिसताक्षणीच काढायची असते. तिच्या बाबतीत सावकाशीचा वरचा नियम लागू नाही. असे फुटवे कोवळे असताना बोटाने खुडले तर जखमही राहत नाही. ते तसेच वाढू दिले तर काही वर्षांनी जे आंबे लागतील ते रायवळ असतील, आणि दोष मात्र रोपवाटिकेच्या माथी मारला जाईल.

आंब्याच्या शेंड्याजवळ डोळे दाटीने असतात, त्यामुळे एकाच जागी फांद्यांचा झुबका येतो. त्या सर्व ठेवल्यास पुढे एकमेकींना रेटतात आणि त्यांच्या बेचक्यात पाणी साचते. बुंधा दोन ते तीन फुटांपर्यंत मोकळा ठेवून त्यावर वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या, शक्य तर एकमेकींपासून वीतभर अंतरावर असलेल्या, तीन किंवा चार फांद्या निवडाव्यात. खोडाशी रुंद कोन करणारी फांदी निवडावी. खोडाला चिकटून उभी जाणारी फांदी मोठेपणी चिरते. पहिली तीन वर्षे मोहोर आला तरी तो काढून टाकावा, हे सांगताना वाईट वाटते, पण ते हिताचे आहे.

चतुर्थीचा मुहूर्त मात्र टाळावा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दमट दिवसांत उघडी जखम वाळत नाही आणि बुरशीला आयतीच वाट मिळते. आंब्यावर व फणसावर गुलाबी थर धरून फांदी वाळवणारा रोग याच काळात पसरतो. पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, कोरडा दिवस पाहून छाटणी करावी. घराच्या साफसफाईला सण हवा असतो, झाडाला कोरडी हवा.

प्रश्न (म्हापसा येथील वाचक): माळ्याने सोनचाफ्याच्या खालच्या फांद्या खोडाशी अगदी सपाट कापल्या व वर ऑइल पेंट लावला. आता रंगाखालची साल काळी पडून सुटू लागली आहे. काय चुकले?

उत्तर: दोन गोष्टी चुकल्या. फांदी खोडाला मिळते तिथे नीट पाहिल्यास एक फुगीर कडी दिसते, आणि वरच्या बाजूला सालीची सुरकुतलेली रेघ दिसते. ही कडी खोडाची असते, फांदीची नव्हे, आणि जखम मिटवणाऱ्या पेशी तिथूनच वाढतात. काप या कडीच्या लगेच बाहेर, तिला धक्का न लावता द्यायचा असतो. सपाट कापल्याने कडीच गेली. याच्या उलट चूक म्हणजे चार बोटांची खुंटी ठेवणे. ती वाळून कुजते आणि कूज आत नेते. कपडे अडकवायला सोयीची म्हणून ठेवलेली खुंटीही मी पाहिली आहे.

रंगाविषयी सांगायचे तर, अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतली कूज तपासली. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरत नाही. झाड तो भाग आतून भिंती घालून वेगळा पाडते आणि त्यावर नवे लाकूड चढवते, हे त्यांनी दाखवून दिले. वरून लावलेला रंग कूज थांबवत नाही, उलट त्याखाली ओल कोंडते. अंगठ्याहून बारीक फांदीच्या स्वच्छ कापावर काहीही लावू नये. आपल्या हवेत मोठ्या कापावर मी बोर्डो पेस्ट लावतो, ती पृष्ठभागावरच्या बुरशीसाठी: १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून, मिळून एक लिटर होईल असे एकत्र करावे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको, आणि पेस्ट त्याच दिवशी वापरावी.

तुमच्या झाडाची सुटलेली साल तेवढी धारदार चाकूने काढावी, आतले लाकूड कोरू नये. जवळपास भुसा पडलेला दिसला तर भिरूड, म्हणजे खोडकिडा, शिरला आहे असे समजून भोकात तार घालून अळी काढावी.

प्रश्न (सत्तरी येथील वाचक): फणस आणि भिरंड यांच्या खालच्या फांद्या काढाव्यात का?

उत्तर: (आधीच्या उत्तरातल्या भिरुडाचा आणि या भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, काही संबंध नाही.) फणसाला फळ खोडावर व जाड फांद्यांवर लागते, म्हणून लहानपणी एकच सरळ खोड राखून चार-पाच फुटांपर्यंतच्या फांद्या टप्प्याटप्प्याने काढाव्यात. पुढे खोडावर येणारे आखूड फळधारी फुटवे साफ करू नयेत. काढणीनंतर राहिलेले जुने देठ मात्र काढावेत. भिरंडीला सहसा हात लावू नये. रोपापासून वाढलेल्या झाडाच्या खाली झुकलेल्या फांद्यांवरची फळे हाताला येतात, हा लाभच आहे. आडव्या फांदीच्या काडीपासून केलेले कलम आडवेच पसरते, ते छाटून उभे होत नाही. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

प्रश्न (मडगाव येथील वाचक): सोसायटीच्या फाटकावर सात वर्षांच्या गुलमोहराची मनगटाहून जाड फांदी आली आहे. झाडाला दोन शेंडेही आहेत. परवानगी लागते का?

उत्तर: झाड तोडायचे असेल तर गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तुम्हाला एकच फांदी काढायची असली तरी झाड मोठे आणि जागा सामाईक असल्यामुळे आधी त्या कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे. दोन शेंड्यांच्या बेचक्यात साल दाबली जाते आणि गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते. दुबळा शेंडा यंदा निम्म्याने आखूड करावा व एक-दोन वर्षांनी काढावा. फाटकावरची फांदी तीन कापांत उतरवावी: खोडापासून फूटभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा जाडीपर्यंत एक काप, त्याच्या दोन बोटे पुढे वरून दुसरा, आणि भार उतरल्यावर उरलेली खुंटी फुगीर कडीबाहेर तिसऱ्या कापाने. थेट वरून कापल्यास फांदी मोडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. फांदीला दोर बांधून ती खाली सोडावी, फाटक तेवढा वेळ बंद ठेवावे, आणि जवळून वीजतार जात असेल तर करवत काढण्याआधी वीज खात्याला कळवावे.