परत गेलेल्यांची वही

प्रश्न असा आहे: "भारतासारख्या विकसनशील देशात सरकारी दवाखान्यांत औषधं वेळेवर पोचावीत म्हणून पुरवठा साखळी कशी बळकट करता येईल? जास्त निधी, मोठी गोदामं की संगणकीकरण, आधी कशावर भर द्यावा?" विचारणारे सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी दिसतात.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर औषध निर्माण अधिकारी म्हणून २७ वर्षं नोकरी केली. पदाचं नाव भारदस्त, पण गावात शेवटपर्यंत मला कंपाउंडरच म्हणत. त्यामुळे उत्तर गोळ्यांच्या खिडकीतून दिसतं तेवढंच देतो. मंत्रालयातून वेगळं दिसत असेल.

तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी लागतात. पण त्याआधी एक नोंद लागते, आणि ती बहुधा कुणी ठेवत नाही: औषध नाही म्हणून किती माणसं परत गेली?

साठा नोंदवहीत आवक, जावक आणि शिल्लक असे रकाने असतात. शिल्लक शून्य झाली की ते पान थांबतं. खिडकीवर येणारी माणसं थांबत नाहीत. पुढच्या वर्षीचं मागणीपत्र भरायची वेळ आली की आपण गेल्या वर्षीचा खप काढतो, त्यावर दहा टक्के चढवतो आणि सही करतो. मीही बरीच वर्षं हेच केलं.

यात काय बिघडतं ते हिशेबानं दाखवतो. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल घेतले आहेत. समजा, रक्तदाबाची अम्लोडिपिनची गोळी वर्षात ६४,००० गेली, पण त्यातले चार महिने ती केंद्रात नव्हतीच. बाराने भागलं तर महिन्याचा खप साडेपाच हजारांच्या आत दिसतो. खरं तर ती आठच महिने होती, म्हणजे महिन्याला ८,००० लागत होत्या आणि वर्षाची गरज ९६,००० झाली. आता तिसऱ्या बाजूनं बघा. केंद्राच्या यादीत रक्तदाबाचे ४०० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला रोज एक गोळी. ४०० गुणिले ३० गुणिले १२, म्हणजे १,४४,०००. औषध एक, केंद्र एक, वर्षही एकच, आणि उत्तरं तीन. वर जातं ते पहिलं, कारण ते नोंदवहीत सापडतं. म्हणजे यंदाचा तुटवडा पुढच्या वर्षीच्या मागणीत आपणच पेरून ठेवतो.

डोंगराकडच्या एका केंद्रावर असताना मी दोनशे पानी वही घातली. वर लिहिलं 'परत गेले'. तारीख, गाव, औषध, एवढंच. रुग्णाचं नाव नाही. पहिल्या महिन्यात माझीच मला लाज वाटली. ओपीडीत 'सगळं ठीक आहे' असं आम्ही बैठकीत सांगत होतो आणि वहीची पानं भरत होती. एक शेतमजूर आठवतो. गोळ्या पुरवून वापरायच्या म्हणून आम्ही सात दिवसांच्याच देत होतो. त्याला महिन्यातून चार खेपा पडायच्या, प्रत्येक खेपेला अर्धा दिवस आणि एसटीचं भाडं. तिसऱ्या महिन्यात तो यायचा बंद झाला. नोंदवहीच्या हिशेबी हा फायदाच: गोळ्या शिल्लक राहिल्या!

हा हिशेब सरकारी कार्यक्रमातही बदलू शकतो, आणि तो आपल्याच जिल्ह्यात बदललेला आहे. २०१७ साली भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा होते. त्यातल्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या आहेत. डॉक्टरागणिक वेगळं औषध न देता मोजक्या औषधांचा एकच ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या, आणि मागणी काढायची ती नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येवरून. औषधांची नावं कमी झाली की साठ्याचा अंदाजही सोपा होतो. पंधरा प्रकारच्या गोळ्या थोड्या थोड्या ठेवण्यापेक्षा तीन प्रकारच्या भरपूर ठेवणं कोणत्याही कपाटाला परवडतं.

पण रुग्णसंख्येचा हा हिशेब सगळीकडे चालत नाही. सर्पदंशाला तर मुळीच नाही.

आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालतं. विषबाधा दिसली की सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. म्हणजे कपाटात दोन कुप्या असणं आणि एकही नसणं यात फारसा फरक नाही. एका केंद्रावर मी रुजू झालो तेव्हा प्रतिविषाचा मागच्या तीन वर्षांचा खप शून्य होता, म्हणून साठाही शून्य. आजूबाजूला भातखाचरं आणि ऊस, आणि साप चावत नाहीत? चावत होते. इथं काही मिळत नाही हे लोकांना पाठ झालं होतं, म्हणून जीप आमच्या दारावरून थेट तालुक्याला जायची. त्या पाऊण तासात काय होतं ते घोणस चावलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारा. खप नाही म्हणून साठा नाही आणि साठा नाही म्हणून खप नाही, हे चक्र कागदावर अगदी निर्दोष दिसतं.

अशी औषधं खपावर मोजायचीच नसतात. वर्षभर वापरली गेली नाहीत तरी ती असलीच पाहिजेत, आणि मुदत संपायच्या चार-सहा महिने आधी जिथं जास्त वापर आहे त्या ग्रामीण रुग्णालयाला देऊन तिथून नव्या मुदतीच्या आणायच्या. हे अदलाबदलीचं काम फोनवर होतं, फक्त कुणीतरी फोन करावा लागतो. प्रतिविष पावडरीच्या कुपीत येतं तेव्हा फ्रिजचीही अडचण नसते.

अजून एक गंमत सांगतो, जी मला फार उशिरा कळली. घोणसाच्या विषानं रक्त गोठत नाही. ते पाहायला रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून बघायची. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही नीट गोठत नाही आणि निदान चुकतं. महागाच्या दहा कुप्या कपाटात आणि पाच-दहा रुपयांची नळी नाही, अशी अवस्था मी पाहिली आहे. साखळी म्हटलं की सगळ्यांना औषधच दिसतं. सलाईनचा सेट, सुया, नळ्या, केसपेपर ही मंडळी कुणाच्याच यादीत पहिल्या पानावर नसतात.

लसींचं काम औषधांपेक्षा पुष्कळ शिस्तीत चालतं, हे कबूल करायला हवं. आयएलआरचं, म्हणजे लसींच्या खास फ्रिजचं, तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं, २ ते ८ अंशांत ठेवायचं, हे सिस्टरच्या अंगात भिनलेलं असतं. तिथंही मोजमापाची एक फट आहे. लसीच्या कुपीवर छापलेला खुणेचा चौकोन उष्णतेनं काळवंडतो, म्हणजे लस तापली तर तो सांगतो. गोठली तर काहीच सांगत नाही. आणि हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), धनुर्वाताची लस या गोठल्या की संपल्या. नवा मुलगा डीप फ्रीजरमधले दगडासारखे आइसपॅक तसेच कॅरियरमध्ये भरतो, मनात भावना अशी की जितकं गार तितकं चांगलं. पॅक थोडे बाहेर ठेवून, कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायचे, हे शिकवावं लागतं. मे महिन्याच्या उन्हाला सगळे भितात. बर्फाला कुणी भीत नाही.

आता भूगोल. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण. तिथं पावसानं रस्ते जातात. पूर्वेला माण-खटाव, तिथं पावसाची वाट बघण्यात आयुष्य जातं. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात लाँचनं जावं लागतं. दोन्हीकडे तिमाहीला सारखीच गाडी पाठवून कसं चालेल? २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. रस्ते तुटले की जिल्ह्याचं भांडार कितीही भरलेलं असो, त्याचा उपयोग नाही. पश्चिमेकडच्या केंद्रांनी मेअखेर तीन-चार महिन्यांचा साठा आत नेऊन ठेवला पाहिजे. मी तो नेत असे, आणि दरवर्षी 'एवढं एकदम कशाला?' हा प्रश्न ऐकत असे. पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे महिन्या-दीड महिन्याचा राखीव साठा बास होतो, कारण गाडी कधीही येऊ शकते. राखीव साठा किती, हे औषध यायला किती दिवस लागतात त्यावर ठरतं. सगळ्यांना एकच टक्केवारी लावणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल.

गोदाम आणि निधीबद्दल थोडक्यात. तमिळनाडूनं १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं, त्याची कीर्ती तुम्ही पुस्तकात वाचलीच असेल. जिल्हा गोदामं, वाटपाआधी नमुन्यांची तपासणी, हे सगळं खरं. पण मला आवडलं ते त्यांचं पासबुक. प्रत्येक दवाखान्याच्या नावे रकमेची मर्यादा असते आणि त्या मर्यादेत काय न्यायचं ते दवाखाना ठरवतो. ज्याला घेताना स्वतःच्या पासबुकातून वजा होताना दिसतं, तो नको ती खोकी उतरवून घेत नाही. नाहीतर मार्चअखेर काय होतं ते कुठल्याही फार्मासिस्टला विचारा. मागितलेलं येत नाही, न मागितलेलं येतं, तेही सहा महिन्यांच्या मुदतीचं. मग कालबाह्य औषधांच्या निर्लेखनाचे, म्हणजे ती साठ्यातून रद्द करण्याचे, कागद रंगवत बसायचं. महाराष्ट्रानं २०२३ साली कायदा करून खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं आहे. निविदांबद्दल जाणकारांनी लिहावं, मी तिथं पाय घालत नाही.

संगणकानं एक मोठं काम केलं: वडूजला पडून असलेलं औषध पाटणला दिसू लागलं. पण दिवसभर खिडकीवर हातानं वाटायचं आणि आठवड्याची नोंद शनिवारी एकदम मारायची, असं असेल तर पडद्यावर दिसतो तो मागच्या शनिवारचा साठा. यात कंपाउंडरला शिव्या देण्यात अर्थ नाही. दीडशे ओपीडी, एक माणूस, त्यातच मीटिंग. मला विचाराल तर नव्या गोदामाच्या आधी प्रत्येक केंद्राला एक डेटा भरणारा हात द्या.

किंवा मोजायचं कामच केंद्राकडून काढून घ्या. सेनेगलमध्ये २०१२ च्या सुमारास कुटुंबनियोजनाच्या साधनांसाठी असा प्रयोग झाला. पुरवठादार माणूस गाडी भरून केंद्रोकेंद्री फिरतो, कपाट स्वतः मोजतो, जेवढं कमी तेवढं भरतो आणि पुढं जातो. मागणीपत्र भरायचंच नाही. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आपल्या गावात दुधाची गाडी याहून अवघड काम दिवसातून दोनदा करते. नासणारा माल, शेकडो वाड्या, पावसाळा, आणि तरी सकाळी कॅन उचलून रिकामे कॅन ठेवले जातात. ड्रायव्हरला कुठल्या वाडीत किती निघतं ते तोंडपाठ असतं. औषधाची गाडी मात्र आपणच जाऊन आणायची, तीही डिझेलला मंजुरी मिळाली तर. मी कितीतरी खोकी एसटीच्या ड्रायव्हरच्या शेजारी ठेवून आणली आहेत. रवांडात २०१६ पासून ड्रोननं रक्त पोचवतात, छानच आहे, पण आमच्याकडे स्वारगेट-पाटण गाडी त्याआधीपासून होती.

प्रकल्प करणार असाल तर गोदामापासून सुरुवात करू नका. एखाद्या केंद्राची वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून रीतसर परवानगी घ्या आणि महिनाभर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला बसा, आतल्या नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं किती आणि हातात पडलेलं किती, एवढंच टिपा. 'बाहेरून घ्या' असं किती जणांना सांगितलं तेही लिहा, आणि जमलं तर त्यातल्या दहा जणांना आठवड्यानं भेटून विचारा, घेतलं का? नऊच्या आत पोचा. अकरानंतर लांबच्या वाड्यांची माणसं परतीच्या गाडीसाठी निघून गेलेली असतात, आणि तुम्हाला हवी आहेत ती तीच.