'बुडणे' म्हणजे तळाशी जाणे का?

प्रश्न असा आहे : पाण्यात वस्तू टाकून पाहण्याच्या प्रयोगाच्या वहीत एका विद्यार्थ्याने 'ठोकळ्याचा अर्धा भाग बुडाला, पण ठोकळा बुडाला नाही' असे लिहिले, हे वाक्य परस्परविरोधी ठरते का?

माझ्या मते वाक्य चुकीचे नाही, मात्र त्यात एकच क्रियापद दोन अर्थांनी आले आहे. 'बुडणे'चा मूळ भाव खाली जाण्याचा नसून पाण्याने झाकले जाण्याचा आहे. धरणाच्या बुडीत क्षेत्रातली जमीन तसूभरही खाली सरकत नाही, पाणीच वर चढते, तरीही ती बुडाली असेच आपण म्हणतो. 'कंबरेपर्यंत बुडालेला' माणूस तर तळावर पाय रोवून उभा असतो. पूर्ण वस्तूबद्दल बोलताना मात्र, विशेषतः 'जहाज बुडाले' यासारख्या वाक्यांत, तळाशी जाण्याचा अर्थ त्याला येऊन चिकटतो. (पैसे बुडतात तेव्हा ते कोणत्या तळाशी जातात, हा वेगळा विषय.)

या दोन अर्थांतला फरक अंड्याच्या प्रयोगात स्पष्ट दिसतो. ताजे अंडे साध्या पाण्यात तळाशी जाते, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित अधिक असते. पेल्यात अर्ध्यापर्यंत मिठाचे दाट पाणी घेऊन त्यावर चमच्याच्या आधाराने साधे पाणी हळूच ओतले आणि मग अंडे अलगद सोडले, तर ते दोन थरांच्या सीमेजवळ अधांतरी राहते. ते पूर्ण बुडालेले आहे, पण तळाशी गेलेले नाही. त्याला 'तरंगते' म्हणायलाही हरकत नाही, कारण पृष्ठभागावर असणे ही 'तरंगणे'ची अट नाही. धुळीचे कण हवेतही तरंगतातच.

म्हणून निरीक्षणे लिहिताना 'गोटी तळाशी गेली', 'ठोकळा तरंगला' आणि 'ठोकळ्याचा अर्धा भाग पाण्याखाली राहिला' अशी वाक्यरचना मला अधिक नेमकी वाटते. 'बुडालेला भाग' हा शब्दप्रयोग मात्र अवश्य ठेवावा, कारण प्लावक बल (पाणी वस्तूला वर ढकलते ते बल) त्या भागाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९२ पट असल्याने तरंगत्या बर्फाचा जवळजवळ नऊ दशांश भाग बुडालेला असतो. ठोकळा बोटाने दाबून पाण्याखाली नेला असेल, तर तिथे 'बुडवला' लिहावे, म्हणजे तो आपण होऊन गेला नाही हे क्रियापदच सांगते.