प्रोफेशनल बॉक्सिंग साध्या टीव्हीवर का टिकत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: "मेवेदर-पॅकियाओसारख्या एका लढतीत हजारो कोटी रुपये फिरतात. मग असं बॉक्सिंग कबड्डीसारखं साध्या चॅनेलवर नियमित का दिसत नाही? चॅनेलवाल्यांना ते नको असतं का?"

नको असतं असं अजिबात नाही. मी अकरा वर्षं मुंबईत एका क्रीडा वाहिनीची जाहिरातींची वेळ विकायचं काम केलं. त्या काळात प्रोफेशनल बॉक्सिंगचे तीन प्रस्ताव माझ्या टेबलावर आले आणि तिन्ही परत गेले. हा खेळ मला मनापासून आवडतो, म्हणून ते परत का गेले यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

आमचा माल म्हणजे दहा सेकंद. दर दहा सेकंदांचा ठरतो, बिल दहा सेकंदांचं निघतं. बारा फेऱ्यांची लढत पूर्ण चालली तर तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या आणि मधल्या एकेक मिनिटाच्या अकरा विश्रांती, असा 47 मिनिटांचा खेळ होतो. अकरा मिनिटं म्हणजे 66 स्पॉट. कागदावर छान दिसतं. आता 27 जून 1988 ची माइक टायसन आणि मायकेल स्पिंक्सची लढत आठवा. 91 सेकंदांत संपली. एकही विश्रांती नाही, म्हणजे एकही स्पॉट नाही. ती पैसे भरून बघायची लढत होती म्हणून भागलं. साध्या चॅनेलवर असती तर जाहिरातदारांना ती सगळी वेळ दुसरीकडे भरून द्यावी लागली असती, आणि उरलेला तासभर पडद्यावर दाखवायचं काय हा प्रश्न वेगळाच. क्रिकेटमध्ये एखादा संघ शंभरात आटोपला तरी षटकं संपत असतात, गडी बाद होत असतात आणि जाहिराती पडत असतात. बॉक्सिंगमध्ये मात्र प्रेक्षकाला जे सगळ्यांत जास्त हवं असतं, तो नॉकआउट, तोच विक्री विभागाला सगळ्यांत महाग पडतो.

त्या एका मिनिटाच्या विश्रांतीतही भांडण आहेच. भुवई फुटलेल्या बॉक्सरच्या कोपऱ्यात ट्रेनर काय सांगतोय, रक्त थांबतंय का, पोरगा पुढच्या फेरीला उठेल का, हे सगळं त्याच मिनिटात घडतं. तिथे साबणाची जाहिरात लावली तर प्रेक्षक चिडतो. नाही लावली तर धंदा नाही.

आपल्याकडच्या यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानाला ही अडचण कधी आली नाही. शेवटची नेमलेली कुस्ती दोन मिनिटांत चितपट झाली तरी लोक हलगीच्या तालावर पैलवानाला खांद्यावर घेतात. यात्रा कमिटीने वर्गणी आधीच गोळा केलेली असते. कुस्ती किती वेळ चालली यावर कोणाचा पैसा अवलंबून नसतो. बॉक्सिंगलाही शेवटी असाच मार्ग सापडला: पैसे आधी घ्या, मग लढत दाखवा. त्यालाच पे-पर-व्ह्यू म्हणतात. पण तिथे पोचण्याआधी अमेरिकेत हा खेळ कितीतरी वर्षं फुकट दिसत होता, आणि तो तेव्हा का चालला हे समजून घेण्यासारखं आहे.

टीव्ही नवा होता तेव्हा कॅमेरे जड आणि मोजके. फुटबॉलच्या मैदानावर चेंडू शोधावा लागायचा. बॉक्सिंगचं रिंग लहान, वर लख्ख दिवे, माणसं दोन. दुसरं महायुद्ध संपता संपता सुरू झालेल्या एनबीसी या अमेरिकन चॅनेलवरच्या लढती दाढीच्या ब्लेडवाल्या जिलेटने दर शुक्रवारी वर्षानुवर्षं चालवल्या. बुधवारची लढत पॅब्स्ट बियरची होती. प्रायोजक एकच, त्यामुळे लढत तिसऱ्या फेरीत संपली तरी त्याचं नाव रिंगभर दिसलेलं असायचं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते फारसं सांगितलं जात नाही. त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या लढती जेम्स नॉरिस यांच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबच्या मुठीत होत्या. चॅनेलला एकाच माणसाशी बोलायचं होतं, आणि त्याच्याकडे बॉक्सरही होते, हॉलही होते. दर आठवड्याला लढत मिळण्याची खात्री त्या मक्तेदारीतून येत होती. तिच्यामागे फ्रँकी कार्बोसारखे गुन्हेगारी जगातले लोक होते, आणि 1959 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडण्याचा निर्णय कायम केला. बॉक्सरांच्या दृष्टीने हे फार चांगलं झालं. पण चॅनेलच्या दृष्टीने दर आठवड्याचं वेळापत्रक देणारा माणूसच गेला. 1960 मध्ये एनबीसीने लढती बंद केल्या, एबीसीने त्या 1964 पर्यंत ओढल्या.

मधे 24 मार्च 1962 ला एमिल ग्रिफिथने बेनी पारेटला दोरांपाशी अडकवून मारलं. लोकांनी ते घरात बसून पाहिलं. दहा दिवसांनी पारेट गेला. वीस वर्षांनी, 13 नोव्हेंबर 1982 ला, रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडलेला कोरियाचा डुक कू किम सीबीएसवर थेट दिसला आणि चार-पाच दिवसांत गेला. त्यानंतरच विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर यायला लागल्या. कुटुंबासाठी वस्तू विकणाऱ्या कंपनीच्या माणसासमोर मी बॉक्सिंगचं नाव काढलं की तो आधी ही शक्यता डोळ्यांपुढे आणायचा. मी त्याला दोष देत नाही.

तरीही फुकट टीव्हीने या खेळाला माणसं दिली. शुगर रे लेनर्ड 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये एबीसीमुळे घराघरांत पोचला. 1979 मध्ये विल्फ्रेड बेनिटेझला हरवून तो विश्वविजेता झाला, तेही एबीसीवर. पण पुढच्याच वर्षी रॉबर्टो डुरानबरोबरची मोठी लढत बघायला लोकांना तिकीट काढून थिएटरांत आणि सभागृहांत जावं लागलं. पेरणी फुकट चॅनेलवर झाली आणि सुगी दुसऱ्याच्या खळ्यावर गेली. एकदा असं झाल्यावर कोणतं चॅनेल पुन्हा पेरायला तयार होईल? एचबीओसारखी वर्गणीची वाहिनी तयार झाली, कारण तिला दहा सेकंद विकायचेच नव्हते.

बॉक्सरला यात हावरट म्हणणारे लोक मला पटत नाहीत. त्याच्या आयुष्यात मोठ्या लढती मोजक्याच असतात, आणि प्रत्येक लढत त्याच्या डोक्यातून काहीतरी घेऊन जाते. जो जास्त देईल त्याला त्याने लढत विकली तर बिघडलं कुठे?

या सगळ्याची सर्वांत मोठी परीक्षा 2015 मध्ये झाली, आणि तुम्हाला एकच प्रकरण अभ्यासायचं असेल तर हेच घ्या. अल हेमन नावाच्या माणसाने शेकडो बॉक्सर करारात बांधले, एका गुंतवणूक कंपनीकडून 40 कोटी डॉलरच्या घरात पैसा उभा केला आणि प्रीमियर बॉक्सिंग चॅम्पियन्स सुरू केलं. एरवी चॅनेल खेळाला पैसे देतं. इथे हेमनने चॅनेलला पैसे देऊन वेळ विकत घेतली. धंद्यात याला टाइम बाय म्हणतात. आपल्याकडे सकाळी टेलिशॉपिंगचे कार्यक्रम लागतात ते याच पद्धतीने. एनबीसी, सीबीएस, स्पाइक, ईएसपीएन, सगळीकडे त्याने वेळ घेतली. हिशेब असा होता की आधी आपण पदरचे घालायचे, प्रेक्षक जमले की जाहिरातदार येतील, आणि मग चॅनेल उलट आपल्याला पैसे देईल.

7 मार्च 2015 ला एनबीसीवर पहिला कार्यक्रम झाला. कीथ थर्मन विरुद्ध रॉबर्ट गरेरो, लास व्हेगसला. संगीत हान्स झिमरचं, समालोचनाला अनुभवी माणसं, दर्जात कुठेही कसर नव्हती. सरासरी सुमारे 34 लाख लोकांनी बघितलं. वाईट आकडा नव्हता. आणि बरोबर आठ आठवड्यांनी, 2 मे ला, मेवेदर आणि पॅकियाओ भिडले. ती लढत बघायला एकट्या अमेरिकेत सुमारे 46 लाख ग्राहकांनी प्रत्येकी नव्वद ते शंभर डॉलर मोजले. म्हणजे फुकट लढतीला जितके प्रेक्षक, त्याहून जास्त ग्राहक पैसे भरून आले! त्या रात्री पे-पर-व्ह्यूचा गल्ला 40 कोटी डॉलरच्या पुढे गेला. हेमनच्या सगळ्या योजनेचं भांडवल जेवढं, तेवढा गल्ला एका रात्रीचा. हे पाहिल्यावर लढती भरवणारा कोणता प्रवर्तक आपली सर्वोत्तम लढत फुकट दाखवेल? मेवेदर तर हेमनचाच माणूस होता.

त्याच लढतीत दुसरी अडचणही दिसते. ती जमवायला पाच वर्षं गेली. मेवेदर शोटाइमकडे, पॅकियाओ एचबीओकडे, शेवटी दोन्ही वाहिन्यांना एकत्र प्रसारण करावं लागलं. वर चार मान्यताप्राप्त संघटना, सतरा वजनगट आणि प्रत्येकाचा वेगळा पट्टा. खेळ न बघणाऱ्या माणसाला 'या गटाचा विश्वविजेता कोण' हे एका वाक्यात सांगता येत नाही. जे एका वाक्यात सांगता येत नाही ते मी जाहिरातदाराला कधी विकू शकलो नाही.

हेमनची योजना पूर्ण फसली असं म्हणणं अन्यायाचं होईल. जून 2016 मध्ये थर्मन आणि शॉन पोर्टरची लढत सीबीएसवर रात्रीच्या मुख्य वेळेत लागली. महंमद अली आणि लिऑन स्पिंक्सच्या लढतीनंतर, म्हणजे 1978 नंतर, त्या चॅनेलवर हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि लढतही अफलातून झाली. 2018 मध्ये फॉक्सने खरोखर पैसे मोजून करार केला. पण त्या करारातही पे-पर-व्ह्यू होतंच, आणि 2022 नंतर तो करार पुढे गेला नाही.

मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीचं उदाहरण लोक नेहमी देतात. त्यांनाही 2011 मध्ये फॉक्सवरच्या पहिल्या रात्री फटका बसला. तासाभराच्या कार्यक्रमातली एकमेव लढत 64 सेकंदांत संपली. पण पुढच्या लढती त्यांच्या हातात होत्या, कारण सगळे लढवय्ये एकाच कंपनीच्या करारात. चॅनेलला हेच आवडतं. त्याची किंमत लढवय्यांनी मोजली. कमी मोबदल्यावरून त्यांनी केलेला दावा कंपनीने 37.5 कोटी डॉलर देऊन मिटवला. टीव्हीला सोयीचं व्हायचं म्हणजे पुन्हा नॉरिसच्या दिवसांकडे जायचं असेल, तर मला ते नको.

आता आपल्याकडचं. 5 ऑगस्ट 2017 ला विजेंदर सिंग वरळीच्या एनएससीआय डोममध्ये चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीशी लढला. मी तिकीट काढून गेलो होतो. दहाच्या दहा फेऱ्या झाल्या. सवयीने मी मोजत होतो, नऊ विश्रांती, 54 स्पॉट. लोक उभे राहून ओरडत होते आणि मला वाटलं, हे आपल्याकडे चालेल. मग पुढचं बघा. जयपूर, मग दीड वर्षाहून मोठा खंड, मग नेवार्क, दुबई, मार्च 2021 मध्ये पणजीला मांडवीतल्या जहाजाच्या छतावर पहिला पराभव, आणि ऑगस्ट 2022 मध्ये रायपूर. पाच वर्षांत पाच लढती. कोरोनाचा काळ धरला तरी हा वेग फार कमी आहे. कबड्डीचा चढाईपटू पंधरवड्यात तेवढ्या वेळा दिसतो. एका माणसावर उभा केलेला खेळ तो माणूस दिसेनासा झाला की पडद्यावरून जातो.

नेटफ्लिक्समुळे आता थोडं बदलतंय. नोव्हेंबर 2024 मध्ये टायसन आणि जेक पॉलची लढत जगभरात 6 कोटी घरांत लागली, आणि त्याच रात्री आपला नीरज गोयत ब्राझीलच्या विंडरसन नुनेसला हरवून गेला. तिथे वेळापत्रकाची चौकट नाही, लढत कितीही मिनिटं चालो. पण वर्षातून एखादी जत्रा भरवणं वेगळं आणि दर शनिवारी बाजार लावणं वेगळं.

माझ्याकडे आलेल्या तीन प्रस्तावांपैकी पहिले दोन एकेका मोठ्या नावावर बेतलेले होते, मी स्वतःच नकार कळवला. तिसऱ्यासाठी मात्र मी भांडलो. तासाला चार-चार फेऱ्यांच्या तीन लढती, जाहिराती फेऱ्यांच्या मध्ये नाहीत तर लढतींच्या मध्ये, एखादी लवकर संपली तर चौथी जोडी हातमोजे घालून तयार. आठ आठवडे, तीच पंधरा-वीस पोरं पुन्हा पुन्हा, म्हणजे लोकांना चेहरे ओळखीचे होतील. एक टायरवाला प्रायोजक जवळजवळ तयार झाला होता. सुरुवातीला दहा दिवस असताना, ज्याचा चेहरा प्रोमोत होता त्या मुलाचा सरावात हात मोडला. प्रायोजकाने थांबू म्हटलं, चॅनेलने ती वेळ दुसऱ्याला दिली. तो मुलगा प्लास्टरमध्ये ऑफिसला आला होता. स्वतःबद्दल काही बोलला नाही. बाकीच्या पोरांच्या लढती तरी लागतील का, एवढंच विचारत होता.