वाचकांचे प्रश्न : धुलाई विभागातले आठ तास

प्रश्न : आदरणीय फादर, मी वसई तालुक्यात राहते आणि गेली अकरा वर्षे मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या धुलाई विभागात कंत्राटी कामगार आहे. रक्ता-पुवाने माखलेल्या चादरी आणि शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे निवडायचे, यंत्रात घालायचे, वाळले की घड्या घालायच्या, हेच माझे दिवसभराचे काम. हातमोजे फाटले तर नवे मिळायला आठवडा जातो. उपवासकाळात आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतील ख्रिस्ती समुदायाच्या, एका बैठकीत प्रत्येकाने आपण देवासाठी काय करतो ते सांगायचे होते. कोणी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, कोणी गायनवृंदात आहे. मला सांगण्यासारखे काहीच सुचले नाही. रविवारी पाळी आली की मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासनाही चुकते. मुलगा महाविद्यालयात शिकतो. आई रुग्णालयात काम करते एवढेच तो मित्रांना सांगतो, पुढचे सांगत नाही. देवाच्या लेखी माझ्या या आठ तासांना काही मोल आहे का, की रात्री जपमाळ म्हणते तेवढाच वेळ त्याचा?

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ज्या मिस्सेला तुम्हाला पोहोचता येत नाही, तिच्यातच आहे. अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू भाकर हातात घेऊन देवाचे आभार मानतो आणि ती भूमीचे फळ आहे, तशीच मानवी हातांच्या श्रमाचेही फळ आहे, असे म्हणतो. मी स्वतः हे शब्द कित्येक वर्षे घाईने उच्चारत आलो, याची आज खंत वाटते. वेदीवर आपण गव्हाची ओंबी ठेवत नाही, भाकर ठेवतो. द्राक्षाचा घडही ठेवत नाही, द्राक्षारस ठेवतो. म्हणजे कोणीतरी पेरले, कापले, दळले, मळले, भाजले, द्राक्षे तुडवली, भांडी घासली, आणि त्यानंतरच अर्पण करण्याजोगे काही हाती आले. ख्रिस्ताने आपले शरीर आणि रक्त म्हणून आपल्याला जे दिले, ते माणसाच्या घामावाचून तयारच होत नाही. त्यामुळे तुमचे आठ तास एका बाजूला आणि देवाचा वेळ दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी मला मान्य नाही.

कष्ट ही आदामाच्या पापाची शिक्षा आहे, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. उत्पत्तीचे पुस्तक नीट वाचले तर क्रम वेगळा दिसतो. माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, हे दुसऱ्या अध्यायात येते. पाप, शाप आणि कपाळावरचा घाम तिसऱ्या अध्यायात. शिवाय मशागतीसाठी तेथे जे हिब्रू क्रियापद आहे, तेच पुढे लेवी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेला वंश, निवासमंडपात (देवाच्या उपासनेच्या तंबूत) जी सेवा करत तिच्यासाठीही वापरलेले आहे. शेतात राबणे आणि देवाची सेवा करणे यांसाठी त्या भाषेला दोन वेगळे शब्द लागले नाहीत.

नासरेथच्या लोकांनी येशूला ‘हा सुतारच ना?’ असे विचारले ते मान देण्यासाठी नव्हे, त्याला त्याची जागा दाखवण्यासाठी. हा टोमणा पुढे ख्रिस्ती मंडळीच्याही वाट्याला आला. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती लोकांची हेटाळणी करताना लिहिले, की घराघरांतून हा धर्म सांगणारे लोक कोण, तर लोकर विंचरणारे, चांभार आणि कपडे धुणारे. कपडे धुणारे, ताई! सेल्ससचे पुस्तक नष्ट झाले. त्याला उत्तर देताना ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने त्याची वाक्ये उतरवून घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ज्यांच्या तोंडून आपल्या पूर्वसूरींनी सुवार्ता ऐकली, त्यांत तुमचेच काम करणारे लोक होते. हे तुमच्या मुलाला जरूर सांगा.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ३१व्या प्रकरणात कोठारप्रमुखाने मठातील सर्व भांडी आणि सामान वेदीवरील पवित्र पात्रांसारखे मानावे, असे सांगितले आहे. वेदीवरची वस्त्रे धुताना पहिले पाणी गटारात न सोडण्याची आपली रीत तुम्हाला ठाऊक असेल, कारण त्या वस्त्रांना ख्रिस्ताच्या शरीराचा स्पर्श झालेला असतो. आता मत्तयाच्या २५व्या अध्यायात तोच ख्रिस्त ‘मी आजारी होतो’ असे म्हणतो, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. तुम्ही ज्या चादरींच्या घड्या घालता, त्यांवर तोच निजतो. चादरीत जंतू राहिला तर टाके घातलेल्या रुग्णाची जखम चिघळू शकते. तुमचे नावही माहीत नसलेला माणूस तुमच्यामुळे बरा होऊन घरी जातो.

मुलाच्या संकोचाबद्दल त्याला एकट्याला दोष देऊ नका. जो मळ धुतो त्यालाच मळका समजायचे आणि ते काम त्याच्या जन्माला चिकटवायचे, ही आपल्या समाजाची फार जुनी सवय आहे. बाप्तिस्मा घेतल्याने ती आपोआप सुटलेली नाही, हे आपल्या चर्चमधल्या बाकांकडे पाहिले तरी कळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तरुणपणी, महायुद्धाच्या काळात, क्राकूवमधील दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या विश्वपत्रात (पोपने संपूर्ण ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिलेल्या पत्रात) त्यांनी श्रमाची प्रतिष्ठा ठरवण्याची कसोटी सांगितली : काम कोणत्या प्रकारचे आहे हे पाहू नये, ते करणारी व्यक्ती आहे, हे पाहावे.

मात्र काम पवित्र आहे असे सांगून मी तुम्हाला फाटक्या हातमोज्यांत समाधान मानायला सांगत नाही. काम पवित्र आहे म्हणूनच ते उघड्या हातांनी करायला लावणे हा अपराध आहे. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी पोहोचते, असे याकोबाच्या पत्रात म्हटले आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली न्याय्य वेतनाचा आणि कामगारांनी संघटना उभारण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मांडला. सहकारी स्त्रियांना बरोबर घेऊन हातमोजे आणि आळीपाळीने रविवारची सुट्टी लेखी मागा. तोवर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, हे ध्यानात असू द्या. आणि पुढच्या बैठकीत तुमची पाळी आली की सांगा : मी आजाऱ्यांच्या चादरी धुते.

प्रश्न : अहिल्यानगरला माझी लहानशी फॅब्रिकेशनची कार्यशाळा आहे, सात कामगार आहेत. जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस पत्रातील वचन मी फलकावर रंगवून भिंतीला लावले आहे. तरीही कामगार जादा वेळ थांबायला कुरकुर करतात. त्यांच्या मनात श्रद्धा कशी रुजवावी?

उत्तर : संत पौलाने ते वचन दासांना उद्देशून लिहिले आणि ते लिहिणारा स्वतः करिंथ येथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी तंबू शिवून पोट भरणारा कारागीर होता. त्याच्या तोंडी ते वचन दिलासा होते, कारण ज्याला कोणीही माणूस म्हणून मोजत नव्हते, त्याला तो सांगत होता की तुझे काम प्रभू पाहतो. तेच शब्द मालकाने भिंतीवर लावले की त्यांचा हुकूम होतो. शिवाय तुम्ही तीन ओळी आधीच थांबला आहात. चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पौल धन्यांकडे वळतो आणि दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे, असे बजावतो. जादा वेळेचे पैसे तुम्ही कोणत्या दराने देता, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. कायद्याने जो दुप्पट दर लागू होतो तो तुम्ही देत नसाल, तर मागची थकबाकी आधी चुकती करा, आणि ती होईपर्यंत तो फलक उतरवून ठेवा. नंतर तो पुन्हा लावाल तेव्हा चौथ्या अध्यायाचे ते पहिले वचनही त्याच आकाराच्या अक्षरांत खाली रंगवून घ्या.